हललेली धमनी

हृदयाच्या सीटी अँजिओग्राफीत धमनी मध्येच पायरीसारखी सरकलेली दिसली, की अनुभवी रेडिओलॉजिस्ट आधी छातीचं मधलं हाड बघतो. त्याच पातळीवर हाडालाही पायरी पडली असेल, तर रुग्णाचा श्वास सुटला होता. हाड सरळ आणि हृदयच तेवढं सरकलेलं, तर बहुधा एखादा ठोका अवेळी पडला. ६४ स्लाइसच्या यंत्रावर हृदयाचं चित्र अनेक ठोक्यांत, तुकड्यातुकड्यांनी घेऊन जोडतात. तो सांधा इथे उघडा पडतो.

अशा खोट्या खुणा म्हणजे आर्टिफॅक्ट. प्रत्येकीमागे काही कारण असतं, आणि ते हुडकणं हा या कामाचा सगळ्यात जिवंत भाग.

उजवी धमनी सर्वांत जास्त हलते, त्यातही तिचा मधला भाग. ०.३३ सेकंदात फेरी मारणाऱ्या यंत्राला एका चित्रासाठी साधारण अर्धी फेरी, म्हणजे १६५ मिलिसेकंद लागतात. ठोके जलद असले तर तेवढ्यात धमनी जागा सोडते आणि गोल छेद चंद्रकोरीसारखा फाकतो. म्हणूनच स्कॅनआधी बीटा ब्लॉकर देऊन ठोके मिनिटाला ६०-६५च्या आत आणायचा आग्रह असतो. तरीही चित्र फाटलंच, तर ठोक्याच्या दुसऱ्या टप्प्यातली चित्रं काढून बघावी लागतात.

कॅल्शियम याहून फसवं. दाट कॅल्शियमचा ठिपका आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, शेजारची पोकळी खाऊन टाकतो आणि मोकळ्या धमनीत ब्लॉक असल्याचा भास होतो. ३ मिलिमीटरपेक्षा बारीक स्टेंटच्या आतलंही असंच झाकोळतं. धातूलगत उमटणारी काळी पट्टी तर थेट मऊ प्लाकचं सोंग घेते.

इथे घाईचा निष्कर्ष महागात पडतो. एका खोट्या ब्लॉकपायी धडधाकट माणूस कॅथलॅबच्या टेबलावर पोहोचू शकतो. आणि फाटक्या चित्रावर ‘नॉर्मल’ लिहिणं त्याहून वाईट, कारण ब्लॉक नाही हे खात्रीने सांगण्यातच या तपासणीचं खरं बळ आहे. २०१६ साली आलेल्या कॅड-रॅड्स या अहवाल लिहिण्याच्या पद्धतीत ‘एन’ हे अक्षर याचसाठी ठेवलं आहे: या भागाबद्दल निदान करता येत नाही. ते लिहायला अनेकांचा हात अडखळतो. अडखळू नये. सोबत कारणही लिहावं, श्वास की ठोका की कॅल्शियम; म्हणजे पुन्हा स्कॅन करायचा की दुसरी तपासणी, हे हृदयरोगतज्ज्ञाला ठरवता येतं.