भिजलेलं इंजिन

वर्कशॉपमधल्या त्या माणसाने माझ्या वडिलांकडे बघत ‘इंजिन संपलंय’ असं सांगितलं, त्याला आता वर्ष होत आलं. गाडी रोज चालते. राग मात्र तसाच आहे. नौरंगा गॉर्जचा उतार उतरताना त्या वर्कशॉपची पाटी दिसली की अजून माझं डोकं फिरतं.

आम्ही वेलिंग्टनच्या उत्तरेला जॉन्सनव्हिलमध्ये राहतो. घर टेकडीच्या अंगावर, ड्राइव्हवे अरुंद आणि उभा. गाडी माझी, माझ्या पगारातून घेतलेली: जपानहून सेकंडहँड आलेली माझदा आरएक्स-८, मॅन्युअल, सहा गिअरची. नवऱ्याला गाड्यांत रस नाही, तो स्टेशनवरून ट्रेनने शहरात जातो. मला रस आहे तो बाबांमुळे. बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. माझ्या लहानपणी त्यांच्या शर्टाला येणारा डिझेलचा वास मला कुठल्याही अत्तराहून जवळचा वाटायचा. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते आमच्याकडे राहायला आले होते.

जूनचा महिना, म्हणजे इथला हिवाळा. घरामागची मातीची भिंत खचायला लागली होती, ती दुरुस्त करायला माणसं आली. मी ऑफिसात. सामान उतरवायला जागा हवी म्हणून त्यांनी बाबांना गाडी हलवायला सांगितलं. बाबांनी गाडी सुरू केली, जरा वर घेतली आणि बंद केली. कामकरी गेल्यावर परत जागेवर आणायला बसले, तर स्टार्टर फिरतोय पण गाडी काही सुरू होईना. त्यांनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. बॅटरी उतरत गेली. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा ते थंडीत, वाऱ्यात, गाडीशेजारी उभे होते.

दापोडीच्या आवारात बस सुरू करायची, चार हात पुढे घ्यायची, बंद करायची, हे दिवसभर चालतं. डिझेल इंजिनाला त्याचं काही वाटत नाही. साध्या पेट्रोल गाडीलाही सहसा नाही. या इंजिनाला वाटतं. हे रोटरी इंजिन, यात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. कडा फुगीर असलेला एक त्रिकोणी रोटर लंबगोल पोकळीत फिरतो. असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसीचे. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना धातूची एकेक पट्टी असते, ती एपेक्स सील. सारं कॉम्प्रेशन या पट्ट्यांवर आणि रोटरच्या बाजूंच्या सीलवर अवलंबून. पट्टी भिंतीला नीट धरायची तर मध्ये तेलाचा पातळ थर लागतो, म्हणून हे इंजिन मुद्दामच थोडं थोडं तेल आत सोडतं आणि जाळतं. थंड इंजिन सुरू होताना कॉम्प्युटर जास्त पेट्रोल ओततो. ते जळून इंजिन गरम व्हायच्या आत बंद केलं, तर कच्चं पेट्रोल आत राहतं. प्लग भिजतात आणि भिंतीवरचं तेल धुतलं जातं. मग वॉशर झिजलेल्या नळासारखी गत होते, कितीही आवळा, गळतच राहतं. हवा दाबलीच जात नाही, ठिणगी पडत नाही, आणि आपण जितकी किल्ली फिरवू तितकं आणखी पेट्रोल आत जातं. याला गाडी ‘फ्लड’ होणं म्हणतात. आरएक्स-८ २००३ साली बाजारात आली तेव्हापासून ही तक्रार इतकी झाली की माझदाने पुढे जास्त वेगाने फिरवणारा स्टार्टर दिला.

हे मला ढोबळ माहीत होतं. पण भिजलेलं इंजिन घरी सुकवण्याची हिंमत नव्हती, म्हणून टो-ट्रक बोलावला.

वर्कशॉपमध्ये मी स्पष्ट सांगितलं: गाडी काल व्यवस्थित चालत होती, आज थंड असताना हलवून लगेच बंद केली, फ्लड झाली असावी. समोरच्या माणसाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा त्याच्या हातात कागद होता. गाडी कुणाच्या नावावर आहे हे त्या कागदावर लिहिलेलं होतं, तरी तो बोलला बाबांशी. कॉम्प्रेशन नाही, इंजिन संपलंय, बदलावं लागेल, आठ हजार डॉलर. नाहीतर स्पेअरसाठी तो स्वतः गाडी घ्यायला तयार आहे, हजारभरात. बाबांना इंग्रजी बेताचं येतं, पण कॉम्प्रेशन आणि आठ हजार हे दोन शब्द पुरेसे होते. त्यांनी मला विचारलं, “माझ्यामुळे झालं का गं?” आणि मी तिथे, त्या काउंटरपाशी, त्यांना ठामपणे ‘नाही’ म्हणू शकले नाही, कारण तेव्हा मला ठामपणे काहीच माहीत नव्हतं.

मला जे खुपतं ते पुढे कळलं. कॉम्प्रेशन तपासायचा साधा गेज पिस्टनसाठी असतो. त्यात एकेरी व्हॉल्व्ह असतो, तो सगळ्यात मोठा दाब धरून ठेवतो. पिस्टनच्या सिलिंडरला तेवढं चालतं. रोटरी इंजिनात एकाच प्लगच्या भोकासमोरून रोटरच्या तीन बाजू पाळीपाळीने जातात, म्हणजे तिथे तीन वेगळे आकडे असतात, आणि तिन्ही वेगळे वाचणारं यंत्र लागतं. साधा गेज तिघांतला मोठा तेवढा दाखवतो, बाकी दोघांविषयी गप्प बसतो. तेही एक वेळ सोडून देऊ. शाफ्ट मिनिटाला २५० फेरे मारत असताना या इंजिनात किमान ६८० किलोपास्कल दाब हवा, असं माझदाचं माप आहे. वेग कमी तर दाबही कमी. आमची बॅटरी आदल्या दिवशीच उतरलेली. त्यांनी ती चार्ज केली होती का? कागदावर उल्लेख नाही. किती फेऱ्यांना मोजलं? उल्लेख नाही. इंजिन आधी सुकवलं होतं का? तेलाचा थेंब घालून पुन्हा मोजलं होतं का? नाही. ज्या इंजिनाचं तेल पेट्रोलने धुतलं गेलंय, ते कमीच दाखवणार. मी हेच तर सांगितलं होतं! गाडी काल चालत होती हे वाक्य मी दोनदा बोलले होते, आणि कालपर्यंत चालणाऱ्या इंजिनाचे दोन्ही रोटर, सहाच्या सहा बाजू, एका दुपारी एकदम कशा मरतील, हा प्रश्न त्या माणसाला पडला नाही. बाबा म्हणतात, दापोडीत नवीन पोराला पहिल्यांदा शिकवायचे ते हे: पाना नंतर उचल, आधी ड्रायव्हरला विचार काय झालं. इथे तर ड्रायव्हर समोर उभा होता.

तपासणीचे पैसे भरून आम्ही गाडी परत घरी आणवली. टो-ट्रकचे पैसे वेगळे.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाबा जेवताना गप्प. रोज वाइटोही लायब्ररीत पायी जाऊन बसायचे ते बंद झालं. एका रात्री उठून बघितलं तर ते स्वयंपाकघरात कागदावर हिशेब करत होते, डॉलरचे रुपये, आणि सकाळी म्हणाले, पोस्टातली एफडी मोडू या. ज्या माणसाने आयुष्यभर एसटीची इंजिनं उघडली आणि मिटली, त्याला आपण लेकीची गाडी मारली असं वाटत होतं. आठ हजार डॉलर मी कर्ज काढूनही भरले असते. बाबांचे ते दिवस मला कोण परत देणार?

वाट दाखवली पलीकडच्या घरातल्या शेजाऱ्यांनी. सत्तरीचे, तरुणपणी रोटरी माझदा बाळगलेले. न्यूझीलंडमध्ये या इंजिनाचं वेड जुनं आहे. इथे जन्मलेल्या रॉड मिलनने आरएक्स-७ रॅलीत पळवली, आणि माइक व्हिडेटला तर पोरं ‘मॅड माइक’ म्हणूनच ओळखतात, रोटरी इंजिनाच्या ड्रिफ्टिंगसाठी. शेजाऱ्यांनी कागद वाचला, बॉनेटला हात लावला आणि विचारलं, “सुकवून बघितलं का?” बाबांना मी भाषांतर करून सांगितलं. ते पहिल्यांदा रागावले. म्हणाले, गेजने दाखवलंय, गेज खोटं बोलत नाही, म्हाताऱ्याच्या नादाने आणखी बिघडवू नकोस. ते वर्कशॉपच्याच बाजूने उभे राहिले. कारागिराचा कारागिरावरचा विश्वास होता तो, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

शनिवारी सकाळी सुरुवात केली. वारा होता, तो आम्हाला हवाच होता, कारण या कामात पेट्रोलची वाफ बाहेर येते. गॅरेजच्या आत, हीटरजवळ, कुणी हे करू नये. शेजाऱ्यांनी फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवला होता. बॅटरी रात्रभर चार्जरवर. फ्युएल पंपाचा फ्यूज काढला, कॉइलची कनेक्शनं सोडवली, म्हणजे ठिणगी नाही. मग डावं पुढचं चाक काढून आतून हात घालून प्लग सोडवायचे. चार प्लग, प्रत्येक रोटरला दोन: खालचे लीडिंग, वरचे ट्रेलिंग. त्यांची अदलाबदल चालत नाही. माझे हात लहान, म्हणून ते काम माझं. चारही प्लग ओलेचिंब होते, पेट्रोलचा वास भपकन आला. बाबा तोपर्यंत पायरीवर बसले होते, ते उठून जवळ आले. प्लग हातात घेऊन त्यांनी नाकाशी नेला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

भोकांसमोर चिंध्या धरून मी स्टार्टर फिरवला, दहा सेकंद, मग थांबायचं, स्टार्टर गार होऊ द्यायचा, पुन्हा. चिंध्या भिजल्या. हळूहळू फवारा थांबला. नंतर खालच्या भोकांतून थोडं थोडं इंजिन ऑइल आत सोडलं आणि पुन्हा जरासं फिरवलं, तेल भिंतींवर पसरावं म्हणून. मग शेजाऱ्यांनी बाबांना खूण केली: भोकाशी हात धरा. एक खालचं भोक मोकळं, बाकीचे प्लग बसवलेले. मी किल्ली फिरवली. फुस्, फुस्, फुस्. तीन बाजूंचे तीन झटके, सारखे. बाबांनी पुन्हा फिरवायला लावलं. दुसऱ्या रोटरचंही तसंच. “तिन्ही हायत की!” ते मोठ्याने म्हणाले. गेले कित्येक दिवस ते इतक्या मोठ्याने बोलले नव्हते.

मग तिथेच, थंडीत, दोघा म्हाताऱ्यांचा जम बसला, मी मध्ये दुभाषी. शेजारी सांगत होते, माझदाने १९६०च्या दशकात जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून हे इंजिन बनवायचा परवाना घेतला, तेव्हा सुरुवातीला सील भिंतीवर असे ओरखडे काढायचे की माझदाचे इंजिनिअर त्यांना सैतानाची नखं म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांचे सत्तेचाळीस सहकारी त्यामागे लागले, अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या कार्बनचे सील करून बघितले, आणि १९६७ला कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. १९९१ला याच जातीच्या चार रोटरच्या इंजिनाने ले मांची शर्यत जिंकली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ते सत्तेचाळीस लोक वर्कशॉपमधले होते की ऑफिसातले? शेजाऱ्यांना ते सांगता आलं नाही.

नवे प्लग घातले, फ्यूज लावला, शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावला. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून किल्ली फिरवायची. तसं केलं की कॉम्प्युटर पेट्रोल सोडत नाही. आता आवाजातच धक्के लागत होते, आधीचं एकसुरी घरघरणं गेलं होतं. पाय हळूहळू सोडला. एक रोटर खोकला, थांबला, पुन्हा खोकला, आणि मग दुसरा मिळाला. पांढऱ्या धुराचा लोट रस्त्यापर्यंत गेला. समोरची बाई फोन हातात घेऊन दारात आली, शेजाऱ्यांनी हात हलवून आग नाही असं सांगितलं. मी गाडी तशीच चालू ठेवली, धूर विरेपर्यंत, तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत. बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

पुढे रोटरीचंच काम करणाऱ्या एकाकडे योग्य यंत्रावर तपासून घेतलं. दोन्ही रोटर किमान मापाच्या वर होते.

मी वर्कशॉपला पत्र लिहिलं, दोन्ही कागद जोडून. १९९३च्या कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्टनुसार सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यायला हवी, तेव्हा तपासणीचे पैसे परत करा. उत्तर आलं: आम्ही कॉम्प्रेशन कमी असल्याचं लिहिलं, आणि त्या दिवशी ते कमीच होतं. वाक्य खरं आहे. त्यामुळेच ते मला सोडवत नाही. बरेच महिने मी त्या वर्कशॉपवाल्याला लबाड म्हणत होते, गाडी हजारात लाटायला निघालेला. आता मला तसं वाटत नाही. बहुधा त्याला मनापासून वाटलं असेल की इंजिन गेलं. त्याने मोजलं, आकडा लिहिला, आणि त्या आकड्यावरून थेट निकाल दिला. लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

कुणी विचारलं तर मी सांगते, ही गाडी घेऊ नका. पेट्रोल पिते, तेल पिते, थंड असताना दोन हात हलवून बंद करता येत नाही. आणि घेतलीच असेल, तर पिस्टनचा गेज घेऊन आलेल्या माणसाला इंजिनाला हात लावू देऊ नका.

डिस्प्यूट्स ट्रिब्युनलचा अर्ज मी अर्धा भरून ठेवलाय. बाबा पुण्याहून फोनवर म्हणतात, “जाऊ दे बाळ, गाडी चालतेय ना.” शेजारी म्हणतात, भर. तपासणीची रक्कम फार मोठी नाही, वकील तिथे चालत नाही, आपण आपलं म्हणणं मांडायचं. मी या आठवड्यात तो पुरा करणार आहे, आणि ‘काय नुकसान झालं’ या रकान्यात टो-ट्रकच्या पैशांखाली बाबांचे ते दिवसही लिहिणार आहे.