ठाणे ते कल्याण, पाव वगळून!

ठाण्याची मामलेदार मिसळ, डोंबिवलीचा फडके रोड, कल्याणचा खिडकी वडा... सुटलं ना तोंडाला पाणी? पण सिलिअ‍ॅक हा आजार असलेल्या मुलांना गहू आणि जव यांतलं ग्लुटेन चालत नाही. चिमूटभरानंही आतड्याला इजा होते. म्हणजे पाव, समोसा, रवा डोसा बाद!

वडा तर बेसनाचा? थांबा! डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं आणि कुठे कुठे त्याच कढईत समोसेही तळतात. तेव्हा आधी विचारायचं, मगच खायचं.

भाजलेलं कणीस, उकडलेल्या शेंगा, शहाळं आहेतच की! असा मित्र सोबत असेल, तर "एकच घास खा रे" असा आग्रह नको. कणीस घ्या, निम्मं निम्मं करा!