‘वांझ’ हा शब्द आपल्या वस्तीत अजून का जिवंत आहे?



१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांकडून बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि त्यानंतर गावोगावी आपल्या घरातले देव्हारे रिकामे झाले. पण लग्नाला तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की तेच देव मागच्या दाराने घरात येतात. कुणी अंगारा आणून देतं, कुणी गुरुवार धरायला सांगतं, कुणी एखाद्या बाबाचा पत्ता देतं. आणि हे सगळं सुनेसाठी. मुलासाठी अंगारा आणलेला आम्ही तरी अजून पाहिलेला नाही.

आम्ही दोघं नवरा-बायको जालन्यात राहतो. एक जण लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळ काम करतो, दुसरी अंगणवाडीत. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. त्यातली दोन वर्षं एका खासगी दवाखान्यात फक्त बाईच्या तपासण्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, मग दुर्बीण. कानातलं गहाण पडलं. पुरुषाची वीर्यतपासणी करा, असं तिथे कुणीही सांगितलं नाही. ती तपासणी काही शे रुपयांत होते. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी पहिल्याच भेटीत ती लिहून दिली आणि आठवड्यात कळलं, शुक्रजंतूंची संख्या फारच कमी.

त्यानंतर घरात जे झालं, ते सांगण्यासाठीच हा लेख. दोन वर्षं ‘हिच्यात दोष आहे’ हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. रिपोर्ट आल्यावर मात्र घरातली वडीलधारी माणसं म्हणाली, ही घरातली गोष्ट आहे, बाहेर सांगायची नाही. बाईचा दोष गावाचा आणि पुरुषाचा दोष घरातला! हा न्याय मनुस्मृतीच्या बाहेरचा आहे का? आणि तोही ज्या घरात दरवर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिवस पाळतात, त्या घरात.

आम्ही दोघांनी ठरवलं, सांगायचं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर उभे राहून सांगितलं. आमच्यातल्या पुरुषाचे शुक्रजंतू कमी आहेत, हे इथेही लिहितो आहोत. यात लाजण्यासारखं काय आहे? साखर वाढली, बीपी वाढलं, तर आपण लपवतो का? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात साधारण दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी तरी हा प्रश्न येतो. म्हणजे तुमच्या वस्तीतही तो आहेच. फक्त कुणी बोलत नाही.

त्या दिवशी सभा संपल्यावर एक जोडपं मागे थांबलं. पुढच्या रविवारी आणखी एक. आता चार वर्षं हे चालू आहे. आम्ही डॉक्टर नाही, औषध सांगत नाही. आमची अट एकच, दोघांनी मिळून यायचं आणि आधी पुरुषाची तपासणी. एवढ्या अटीवर निम्मे पुरुष पुन्हा तोंड दाखवत नाहीत. त्यांच्या बायका मात्र येतात, भाजी आणायच्या निमित्ताने.

एका ताईचं सांगतो. माहेर-सासर दोन्ही मजुरीवर. पाळी अनियमित, अंगात कायम बारीक ताप, वजन उतरलेलं. सासूने करणी ठरवली होती. आम्ही सरकारी दवाखान्यात सोबत गेलो, तर गर्भाशयाच्या नळ्यांचा क्षयरोग निघाला. टीबी फक्त छातीचा असतो असं आपल्याला वाटतं. आपल्या देशात बायकांच्या नळ्या बंद होण्याचं हे एक मोठं कारण आहे. औषधं सरकारकडून मोफत मिळाली. मूल झालं नाही, नळ्या खराब झाल्या होत्या. पण ती बरी झाली, आता मशीनवर ब्लाउज शिवते. उपवासात आणखी वर्षभर गेलं असतं तर?

दुसऱ्या घरात मुलाचं दुसरं लग्न ठरत होतं, पहिलीला माहेरी पाठवून. बोलणी करायला आपल्याच समाजातले पाच जण बसले होते. आम्ही जाऊन एवढंच सांगितलं, की १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, पहिली बायको असताना केलेलं लग्न रद्दबातल ठरतं आणि तो गुन्हा आहे. मूल न होणं हे त्या कायद्यात घटस्फोटाचं कारणच नाही. बैठक मोडली. आम्हाला शिव्या मिळाल्या, त्या आम्ही घेतल्या.

महात्मा फुल्यांनाही दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला होता. त्यांनी तो मानला नाही. बालहत्या प्रतिबंधक गृहात आलेल्या एका ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी आणि सावित्रीमाईंनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं. तोच यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात मायलेक मिळून रुग्णसेवा करत होते. जयंतीच्या भाषणात हे आपण सगळे सांगतो. घरी गेल्यावर?

पैशाचंही बोललं पाहिजे. टेस्ट ट्यूब बेबीच्या एका खेपेला लाखाच्या वर खर्च येतो आणि एका खेपेत यश येण्यापेक्षा न येण्याचीच शक्यता जास्त. आम्ही एकदा केलं, जमलं नाही, पतपेढीचं कर्ज अजून फेडतो आहोत. आयुष्मान भारत योजनेत हा उपचार बसत नाही. पैसेवाल्याला उपचार आणि मजुराला नवस, अशी ही वाटणी आहे, आणि आपल्या निवेदनांत या मागणीची एक ओळसुद्धा नसते. उलट आमच्या वस्तीत एक बाई स्त्रीबीज देणाऱ्या बायका शोधत फिरत होती. २०२१ च्या कायद्याने बीज विकायला बंदी आहे. २३ ते ३५ वयाची बाई आयुष्यात एकदाच देऊ शकते. हे कळल्यावर दोघीजणी मागे फिरल्या. गरिबाची कूस आणि गरिबाचं बीज चालतं बरं का, जात तेव्हा आड येत नाही.

जात आड आली ती आम्ही दत्तकासाठी नाव नोंदवलं तेव्हा. जुन्या हिंदू रिवाजात दत्तक मुलगाच लागायचा, तोही जातीतलाच. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात हे मोडायला घेतलं, त्यासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, आणि १९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. आम्ही मुलगीच मागितली आहे. आमचे मामा चाळीस वर्षांचे कार्यकर्ते, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले. त्यांनी विचारलं, “पोर कोणत्या जातीचं निघेल, काय माहीत?”

फाईलला ओळखीच्या दोन माणसांची पत्रं लागतात. एक विहारातल्या गुरुजींनी दिलं. दुसरं कुणीही देईल, पण आम्हाला ते मामांचंच हवं आहे. कागद त्यांच्याकडे देऊन तीन आठवडे झाले, अजून सही नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर पुन्हा त्यांच्या घरी जाणार आहोत.