चाकाचे चार स्टड

बैलगाडीचं चाक जागेवर ठेवायचं काम आखाच्या टोकाला घातलेली एक लोखंडी कुणी करायची. ती निसटली की चाक बाहेर आणि माल रस्त्यावर. म्हणून बैल जुंपायच्या आधी आमचा धाकटा भाऊ दोन्ही कुण्या हातानं चाचपायचा. आता घरात जुनी स्विफ्ट आहे. तिच्या एकेका चाकाला चार स्टड, चार नट. त्यांना कोण चाचपतंय? पंक्चर काढलं की दुकानातलं पोरगं हवेची गन लावतं, टर्रर्र वाजलं की काम झालं.

अशाच एका गनीनं आमचा पुढच्या चाकाचा स्टड घालवला. नट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवायचा आणि मग पाना लावायचा, एवढी साधी गोष्ट. पोरानं नट तिरपा धरला आणि गन दाबली. आट्यावर आटा चढला. पुढच्या खेपेला सोडताना स्टड मोडून नटासकट हातात आला. दुकानदार म्हणाला, "तिनावर चालतंय की काका, कितीतरी गाड्या चालतात."

चालत असतील. पण त्याच गाडीतून आठवड्यातून दोनदा धाकट्याला मिरजेला डायलिसिसला न्यायचं असतं. एक स्टड गेला की त्याचा भार उरलेल्या तिघांवर, आणि ते तिघंही त्याच गनीनं ताणलेले. मला काही ते पटेना. शिवाय उतारावर ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं. म्हणजे डिस्क सगळीकडं सारखी जाड राहिली नव्हती. दोन्ही कामं एकदमच करायची ठरवून आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला घरी बोलावलं.

गाडी खाली असतानाच नट ढिले केले, मागच्या चाकांना दगड लावले, मग जॅक चढवून खाली घोडी दिली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणारा माणूस मला शहाणा वाटत नाही. कॅलिपर सोडून मिस्त्रीनं तारेनं वर बांधला. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून दुखावते आणि बाहेरून काही दिसत नाही. डिस्क गंजानं हबला चिकटून बसली होती. मी घण उचलला तर मिस्त्री म्हणाला, "थांबा आण्णा, बेअरिंगचं वाटोळं होईल." डिस्कलाच दोन आट्यांची भोकं असतात. त्यात ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट घालून आळीपाळीनं आवळत गेला, तशी डिस्क आपोआप सुटून आली. शक्तीपेक्षा भोक कुठं आहे ते माहीत असणं बरं.

स्टड हबमध्ये मागून दाबून बसवलेला असतो. त्याच्या मानेला दाते असतात, म्हणून तो फिरत नाही. हब फिरवून मागं मोकळी जागा मिळते तिथं एकेक स्टड आणला आणि दाबयंत्रानं मागं ढकलून काढला. डिस्कच्या मानानं स्टड किरकोळ पैशाचा, म्हणून त्या चाकाचे चारही बदलले. नवा स्टड १२ मिलिमीटरचा, आटा १.२५ चा. मागून घालायचा, पुढून वायसरांची चळत चढवायची, वर जुना नट उलटा लावून हातपान्यानं ओढत आणायचा. मागचं डोकं हबला पूर्ण टेकलं पाहिजे. अर्धवट राहिलं तर गाडी चालल्यावर ते आत सरकतं आणि नट ढिला पडतो. धाकटा ओट्यावर बसून प्रत्येक स्टडला विचारत होता, "बसला का रं? बोट घालून बघ."

बऱ्याच जणांना वाटतं, चाक स्टडांवर टांगलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड ताणला जातो आणि तो ताण चाकाला डिस्कवर, डिस्कला हबवर दाबून धरतो. त्या दाबावर चाक उभं असतं. मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तर तो पुढं चुरगळतो, दाब कमी होतो. डिस्कही केसभर तिरकी बसते आणि काही महिन्यांनी थरथर परत येते. म्हणून हब तारेच्या ब्रशनं घासण्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेल असतं, तेही पुसून काढलं. डिस्क आणि पॅड दोन्ही बाजूंचे बदलले. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एकीकडं ओढते.

नट समोरासमोर, थोडे थोडे आवळले. शेवटी मिस्त्रीनं मापाचा पाना लावला. या जाडीच्या स्टडला ८५ ते १०० न्यूटन-मीटर पुरतं, गन किती लावते ते गनवाल्यालाही ठाऊक नसतं. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबून घेतलं, कारण कॅलिपरचा पिस्टन मागं ढकललेला असतो. पहिला पाय रिकामा गेला की गाडी थांबत नाही.

मिस्त्रीनं बजावलं होतं, पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा बघा, आणि मापाचा पानाही ठेवून गेला. मिरजेला धाकट्याला आत सोडलं आणि दवाखान्याच्या आवारातच पाना काढला. तीन नट जागचे हलले नाहीत, एकानं जरा घेतलं. चार तासांनी धाकटा बाहेर आला, थकलेला. गाडीत बसता बसता त्यानं विचारलं, "बघितलंस?"

"बघितलं. एक जरा ढिला होता."

"कंचा?" म्हणाला, आणि दार उघडं ठेवून पुन्हा खाली उतरायला लागला.