वाकणारे आणि मोडणारे

खडू वाकवू गेल्यास तो कटकन मोडतो. तांब्याची तार मात्र मुकाट्याने वाकते. तुटण्यापूर्वी ती ताणली जाते, बारीक होते आणि पाहणाऱ्याला सावध करते. या गुणाला तन्यता म्हणतात. ठिसूळ वस्तू असा इशारा देत नाही. पोलाद तन्य, म्हणून माणसाने त्याच्यावर विश्वास टाकला; परंतु त्या विश्वासालाही एकदा तडा गेला.

१६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याशी उभे होते. त्याची लांबी सुमारे १६० मीटर होती. वादळ नव्हते, लाटा नव्हत्या. थंडी मात्र कडाक्याची होती. अकस्मात प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध दुभंगले! केवळ तळाचे पत्रे तेवढे धरून राहिले.

केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी अशा जहाजांच्या पोलादाची परीक्षा केली. ठराविक तपमानाखाली ते पोलाद आपला स्वभाव सोडून ठिसूळ होते, असे त्यांना आढळले. शिवाय या जहाजांचे पत्रे वेल्डिंगने एकसंध केलेले असत. त्यामुळे एका जागी पडलेला तडा न अडखळता पुढे धावे. रिव्हेटने जोडलेल्या जहाजात तो पत्र्याच्या कडेशी थांबण्याचा संभव असे.

म्हणूनच आज थंड समुद्रात जाणाऱ्या जहाजांचे पोलाद आधी गार करून, त्यावर हातोड्याचा आघात करून पारखतात. पदार्थ किती बळकट आहे, एवढेच पाहून भागत नाही. प्रतिकूल काळात तो किती सोसतो, हेही पाहावे लागते.