धारूरची जोड

बीडहून वडवणी, तेलगाव मागे टाकून धारूरची वाट धरली, की मराठवाड्याविषयीच्या आपल्या शहरी कल्पनांना पहिला धक्का बसतो. सपाट रान, काळी माती आणि कोरडा वारा, एवढाच मराठवाडा पुण्या-मुंबईच्या माणसाला ठाऊक असतो. इथे तर रस्ता चक्क घाट चढू लागतो. दोन्ही अंगांना बालाघाटाचे डोंगर उभे राहतात आणि दिवाळीच्या सुमाराला गेलात, तर उतारावर जिकडेतिकडे सीताफळीची झुडपे फळांनी लवलेली दिसतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण घाटात पाटी मांडून बसलेल्या बाईला त्याचे काही नाही. आपण सवयीने वरच्या मोठ्या फळाला हात घालतो, तर ती म्हणते, "आकारावर नका जाऊ दादा, डोळा बघा." डोळ्यांमधल्या रेघा रुंदावून पांढरट झाल्या, की फळ पिकायला आले. ती खालचे एक लहानसे फळ काढून देते आणि तेच गोड निघते.

मानांकन आणि गोडी यांचा मेळ बसतोच असे नाही, हा विषय मला त्या दिवशी धारूरात पुन्हा भेटणार होता.

किल्ल्याकडे जाण्याआधी चहाला थांबलो. बाकड्यावर पाचसात मंडळी तावातावाने बोलत होती. निवडणुकीची चर्चा असेल म्हणून मी दुर्लक्ष केले. पण विषय निघाला कुस्तीचा. जवळच्याच एका खेड्यातला पोरगा कुठल्याशा स्पर्धेला गेला होता आणि पहिल्याच फेरीत त्याची गाठ त्या गटातल्या सगळ्यांत तगड्या मल्लाशी पडली. सकाळी गेलेला पोरगा दुपारच्या गाडीने परत. मंडळींचा राग पोरगा हरल्याचा नव्हता.

"हरला त्याचं काय नाही साहेब," कान मोडलेले एक वृद्ध वस्ताद मला म्हणाले. "कुस्ती म्हणल्यावर पाठ लागणारच. पण जोड कुणी लावली? कामून लावली? दुसऱ्या फेरीत लावली असती, तर लेकराचा एक तरी डाव लोकांनी बघितला असता."

वाचकहो, जगभरच्या क्रीडारसिकांचे दुःख या वाक्यांत आले. अमेरिकेत दर मार्चमध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलची मोठी स्पर्धा होते. ६८ संघ, आणि त्यांना १ ते १६ असे क्रमांक देणारी एक समिती. क्रमांक जाहीर होतात त्या रविवारी सारा देश घरात बसून त्या समितीला नावे ठेवतो. आमचा संघ सहावा कसा, शेजाऱ्यांचा चौथा कसा? १ क्रमांकाच्या संघाची पहिली गाठ १६ क्रमांकाच्या संघाशी पडते, आणि पुरुषांच्या स्पर्धेत ६४ संघांची पद्धत १९८५ साली आल्यापासून २०१८ पर्यंत एकही सोळावा संघ जिंकला नव्हता. त्या वर्षी मेरीलँडच्या बाल्टिमोर शाखेने पहिल्या क्रमांकाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असे लोळवले. वीस गुणांनी! समितीने मागच्या सामन्यांचे कागद पाहिले होते. फळाचा डोळा पाहिला नव्हता.

आपल्याकडचे ताजे उदाहरण तर घरोघरी पाठ आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटात जपानची युई सुसाकी अग्रमानांकित होती. टोकियोची सुवर्णविजेती, परदेशी मल्लाकडून तोवर एकदाही न हरलेली. विनेश फोगाटला मानांकनच नव्हते, कारण ती वरच्या वजनगटातून खाली आली होती. पहिल्याच लढतीत दोघी समोरासमोर आल्या आणि विनेशने ३-२ अशी बाजी मारली. पुढे १०० ग्रॅम वजनाने काय घात केला, ते सांगायला नको. पण सुसाकीच्या बाजूनेही विचार करून पाहा. सगळ्या जगात पहिली, आणि वाट्याला आले कांस्य. पहिल्या क्रमांकाचे संरक्षण तिला मिळाले ते कागदावर.

मी हे सांगितल्यावर बाकड्यावरची मंडळी लगेच महाराष्ट्र केसरीवर आली. या मानाच्या स्पर्धेची पहिली गदा १९६१ साली दिनकर दह्यारी यांनी मराठवाड्यातच, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जिंकली. आज तिथे मातीचा विभाग वेगळा, गादीचा वेगळा, आणि दोन्हींकडच्या विजेत्यांत गदेसाठी शेवटची कुस्ती. आता दोन दांडगे मल्ल एकाच विभागात आले, तर त्यांची गाठ अखेरीआधीच पडायची! जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात मातीच्या विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची गाठ पडली. पंचांनी दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला. महेंद्र पुढे गेला आणि गदा गादीवरच्या शिवराज राक्षेने नेली. सिकंदर विरुद्ध शिवराज ही कुस्ती रसिकांना बघायला मिळाली ती नोव्हेंबरात, पुण्याजवळ फुलगावला. आणि तिथे सिकंदरने गदा मिळवली. दहा महिने उशिरा का होईना, जोड लागली.

"त्यांची लागती," वस्ताद म्हणाले. "त्यांचं नाव कागदावर असतं. आमच्या पोरांचं कुठं असतंय?"

या प्रश्नाचा अर्थ धारूरच्या रस्त्यावरच कळतो. दसरा झाला, की या तालुक्यातली गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी इथली मोजणी. घरातली मोठी पोरेही बरोबर जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे फाल्गुन-चैत्रापर्यंत, मुक्काम उसाच्या फडात. आणि मोठ्या स्पर्धांचा हंगाम नेमका हाच! जो पोरगा मोळ्या वाहून खांदे कमावतो, त्याच्या नावावर ना कुस्ती, ना गुण. नाव नाही म्हणून मानांकन नाही, मानांकन नाही म्हणून पहिल्या फेरीत वाघाच्या तोंडी, आणि तिथे हरला म्हणून पुन्हा नाव नाही. या चक्रात दोष कुणा एकाचा नाही. पण भरडला जातो तो ठरलेलाच.

चहा संपवून किल्ल्यावर गेलो. विजापूरचा सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमाराला हा किल्ला बांधला. भोवती खोल दऱ्या, सपाटीच्या बाजूला खंदक आणि भक्कम तट. त्या काळी किल्ल्यांना क्रमांक देणारी समिती असती, तर धारूर पहिल्या काहींत बसता. पण फेरिश्ता सांगतो, की अहमदनगरचा मुर्तझा निजामशहा संतापाने थेट चालून आला, लढाईत एक बाण किश्वरखानाला लागला, तो पडला आणि आतली शिबंदी किल्ला सोडून पळाली. बांधून पुरती काही वर्षेही झाली नव्हती! तटावरून मी बराच वेळ दरी न्याहाळत राहिलो. एवढे दगड रचणाऱ्याने सगळा हिशेब केला असेल. तेवढा एक बाण त्यात बसला नव्हता.

म्हणून मानांकन मोडीत काढावे का? तसे नव्हे. निव्वळ चिठ्ठ्या टाकल्या, तर दोन अव्वल मल्ल सकाळीच एकमेकांना संपवतील आणि संध्याकाळी आपण रिकामी गदा बघू. वस्तादांनाही चिठ्ठ्या नको होत्या. त्यांना हवा होता फड.

चैत्र-वैशाखात टोळ्या परतल्या, की गावोगाव जत्रा भरतात. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात आणि चढत चढत मानाच्या कुस्तीपर्यंत जातात. पैलवान हात वर करून फडाला फेरी मारतो. कुणी पुढे आला, की पंच दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करतात. उंची, मान, मांड्या बघतात. जोड तोलामोलाची नसली, की चारी बाजूंनी लोक ओरडतात आणि जोड मोडते. फडावर वशिला नसतो असे कोण म्हणेल? पण जो असतो तो हजार डोळ्यांसमोर असतो. 'नाही' म्हणायची सोय पैलवानाला असते आणि बघणाऱ्यालाही.

निघताना मी वस्तादांना विचारले, "तो पोरगा आता काय करतो?"

"परवा टोळी गेली, तिच्याबरोबर गेला," ते म्हणाले. "चैत्रात येईल. तुम्हीबी या जत्रेला. जोड मी लावतो त्याची, सगळ्यांच्या देखत. मग हरला तरी चालंल."