शेपटी दिसली की थांबायचं

9 नोव्हेंबर 2024, निपाणी

दिवाळी आटोपून भाचा आज मॉरिशसला परतला. जाताना त्याची दांडी माझ्याकडे ठेवून गेला. नऊ फुटी, चार तुकड्यांची, आठ नंबरच्या दोरीची फ्लाय फिशिंगची दांडी. तो एका बोटीवर आचारी आहे. मॉरिशसच्या ईशान्येला चारशेहून अधिक किलोमीटरवर सेंट ब्रँडन ही प्रवाळबेटं आहेत. तिथं बोनफिश धरायला देशोदेशीचे हौशी लोक येतात आणि बोटीवरच मुक्काम करतात. त्यातल्याच एका पाहुण्यानं निघताना ही दांडी याच्या हातात ठेवली.

रात्री जेवताना तो जे सांगत होता ते लिहून ठेवतो. बोनफिश खायला फार काटेरी. खाण्यासाठी त्याच्यामागं कुणी लागत नाही. पण तो धरण्याआधी दिसावा लागतो आणि सगळी ओढ त्या दिसण्याची आहे. भरती चढू लागली की हे मासे खोल समुद्र सोडून पोटरीभर पाण्यातल्या वाळूवर येतात. खेकडे, कोळंबी, शिंपले उकरून खातात आणि घशातल्या कठीण दातांनी भरडतात. खवले इतके चकचकीत की खालच्या वाळूचाच रंग अंगावर खेळतो. मासा दिसत नाही, त्याची सावली सरकताना दिसते. तोंड वाळूत खुपसलं की पाणी उथळ असल्यामुळं शेपटी बाहेर येते. ती दिसली की माणसानं जागच्या जागी थांबायचं. पाऊल वाजलं तरी कळप उधळतो.

भाच्याला मी विचारलं, इथं या दांडीचं काय करू? म्हणाला, "मामा, तुम्ही पाण्याकडं बघत बसताच की. आता हातात काहीतरी असू दे."

17 नोव्हेंबर

सकाळी मैदानावर दोरी फेकायचा सराव. साध्या गळाला शिसं असतं. ते फेकलं की दोरी त्याच्यामागं जाते. इथं सगळं उलट. गळावर केस-दोरा बांधून केलेल्या बनावट माशीला वजन जवळजवळ नाही. वजन आहे ते जाड दोरीत, आणि तिच्या बळावर माशी जाते. दोरी हवेत मागं पूर्ण उलगडू द्यायची, क्षणभर धीर धरायचा आणि मग पुढं आणायची. आसूड ओढलेल्या माणसाच्या हाताला हा धीर ठाऊक असतो. माझे वडील तंबाखूच्या शेतात बैल हाकायचे, त्यामुळं पहिल्याच आठवड्यात दोरी सरळ पडू लागली. वारा आडवा असला की मात्र काही खरं नाही. सेंट ब्रँडनवर तर वर्षातला बराच काळ आग्नेयेचा व्यापारी वारा असतो. तिथं वाऱ्यातच फेकायला शिकावं लागतं.

3 डिसेंबर

माशी बांधली. गळ बाजारातला, मधल्या आकाराचा. केस बोकडाच्या शेपटीचे. डोळ्यांसाठी बेसिनच्या बुचाला असते ती मण्यांची साखळी कापून दोन मणी घेतले. हे डोळे शोभेचे नाहीत. त्यांच्या वजनानं गळ पाण्यात उलटा होतो, टोक वर राहतं आणि तळाच्या गवतात अडकत नाही. बहामातल्या अँड्रॉस बेटावर 1977 च्या सुमारास बॉब नॉहाइम या अमेरिकी माणसानं चार्ली स्मिथ या तिथल्या वाटाड्यासोबत हिंडताना असलीच मण्यांच्या डोळ्यांची माशी बांधली. ती पुढं 'क्रेझी चार्ली' नावानं जगभर गेली. जवळजवळ अर्ध्या शतकानंतरही बोनफिशवाल्यांच्या डबीत ती असतेच, असं भाचा सांगतो.

दोरा बिडीचा वापरला. शेजारच्या मावशी गेली चाळीस वर्षं बिड्या वळतात. माझी धडपड बघून त्यांनी गळ हातातून काढून घेतला, दोऱ्याचे चार वेढे दिले, टोक आत खोचलं, झालं. ती गाठ मला अजून सोडवता आलेली नाही. निपाणीत अशा हातांची वाण नाही. आणखी सहा-सात माश्या त्यांच्याकडूनच बांधून घ्यायच्या, मजुरी देऊन.

गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट केला. मासा सोडायचा असेल तर जखम लहान राहते.

22 डिसेंबर, भोज

दूधगंगा आणि वेदगंगा भेटतात तिथं दिवसभर. अण्णा सोबत होते. अण्णा भोई; आजोबांपासून याच नदीवर. पाणी हिरवं, गढूळ, थांबलेलं. ध्रुवीकरणाचा चष्मा लावून पाण्यावरची चकाकी गेली, पण चकाकीखाली बघण्यासारखं काही नव्हतं.

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे मान्सून सरला की बर्गे, म्हणजे फळ्या, घालून अडवतात. एका बंधाऱ्याचं तुंबलेलं पाणी थेट वरच्या बंधाऱ्याच्या पायापर्यंत पोचतं. मग पुढचे सहा-सात महिने नदी म्हणजे एकापुढं एक डोहच. ऊस आणि प्यायचं पाणी याच डोहांवर आहे, हे मी विसरत नाही. माझ्या घरच्या नळालाही कुठलं तरी अडवलेलंच पाणी येतं. पण नदीचं उथळ अंग त्यात बुडालं. अण्णा हात करून दाखवत होते, "हितं खळाळ हुता सर. गुडघ्याएवढं पाणी, खाली गोटं. बैलगाडी पल्याड जायाची. मासा वर चढताना पाट दिसायची त्याची."

बोनफिशसाठी पोटरीभर पाणी लागतं, तसं आमच्या खडसालाही लागतं. खडस म्हणजे दख्खनचा महसीर. या दोघांना मी आज पहिल्यांदाच एका वाक्यात आणलं. खोल पाण्यात मासा मोठा होतो, पण चरायला आणि पिलं वाढायला त्याला उथळ लागतं. जाळी खोलात टाकतात, पैसा खोलात आहे, धरणं खोलासाठी बांधतात. उथळाला कुणी वाली नाही.

13 जानेवारी 2025

पौष पौर्णिमा. भाच्याचा फोन आला. बोनफिश कुठं वितो, असं मी त्याला विचारून ठेवलं होतं. बोटीवरच्या वाटाड्यांशी बोलून त्यानं सांगितलं आणि मीही वाचून पडताळलं. वर्षभर उथळात चरणारा हा मासा अंडी घालायला पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास कळपानं खोल समुद्राकडे जातो. पिलू जन्मतं ते माशाच्या रूपातच नसतं. पारदर्शक, चपटी फीत असते ती. कित्येक आठवडे समुद्रात वाहत राहते आणि किनाऱ्याच्या उथळात पोचली की लांबीनं आखडते. आखडून मग तिचा मासा होतो. वाढता वाढता आधी लहान होणारा जीव! रात्री गच्चीवर बराच वेळ हेच डोक्यात होतं.

9 फेब्रुवारी, हिडकल

तवंदी घाट ओलांडून संकेश्वरवरून हिडकलच्या फुगवट्याला. ठेका असलेल्या मच्छीमारांना आधी भेटून विचारलं. त्यांनी आनंदानं होकार दिला. एका माणसाच्या एका दोरीनं त्यांचं काय जाणार.

घटप्रभेवरचं हे धरण 51 टीएमसीचं. हिवाळ्यापासून पाणी उतरू लागतं आणि काठाची सपाट जमीन मैलोन्मैल उघडी पडते. काही ठिकाणी गाळपेर झाली होती, हरभरा हिरवा उभा होता. उन्हाळ्यात पाणी आणखी ओसरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. हरभऱ्याच्या पलीकडं चिखल, त्यापुढं वीतभर पाणी, मग गुडघाभर. वारा नव्हता. ऊन पाठीवर.

आणि मला शेपट्या दिसल्या.

पहिल्यांदा वाटलं, गवताची पाती हलतायत. मग एक पातं मावळलं आणि हातभर पुढं पुन्हा उगवलं. तांबूस, जाड, वरचा भाग टोकदार. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. तोंड गाळात, अंग तिरकं, शेपटी उन्हात. खाली गाळाचा ढग उठत होता आणि ढगातून बुडबुडे. एक, त्याच्या डावीकडं दुसरा, थोडं पुढं तिघं एकत्र. उथळ समुद्रातल्या बोनफिशचं जे वर्णन मी तीन महिने ऐकत होतो, ते सगळं इथं हुक्केरी तालुक्यात, हरभऱ्याच्या बांधापासून पन्नास पावलांवर चाललं होतं.

मी दांडी उचललीच नाही. दुपारी वारा सुटेपर्यंत नुसता बघत राहिलो. मासा कधी सरळ चालतो आणि कधी वळतो, खाताना किती वेळ एका जागी राहतो, घारीची सावली पडल्यावर सगळे एकदम कसे खोलात जातात आणि परत यायला किती वेळ लावतात. पाणी जिथं मातकट नव्हतं तिथं तळावर त्यांनी उकरलेले वाटीएवढे खड्डेही दिसले. हे माशांचं चरण्याचं रान आहे. वरून बघणाऱ्याला ते पडीक चिखल वाटतं.

16 फेब्रुवारी, हिडकल

आज फेकली. शेपटीवर फेकायची नसते. मासा ज्या दिशेनं चरत येतोय तिकडं, त्याच्या चार-पाच फूट पुढं. माशी बुडू द्यायची आणि मासा जवळ आला की डाव्या हातानं दोरी इंच-दोन इंच ओढायची, तळावरचा किडा दचकला एवढीच. घेतलं हे दांडीला कळत नाही. शेपटी थरथरते, अंग किंचित वळतं, ते डोळ्यांनी बघायचं आणि दांडी न उचलता दोरीच सरळ ओढायची. हे तंत्र बोनफिशवाल्यांचं. दांडी उचलली की माशी तोंडातून निसटते आणि पाण्याबाहेर उडून बाकीचा कळप बिथरतो.

दोरी ताठ झाली आणि मासा गाळाची रेघ ओढत खोलाकडं गेला. रीळ ओरडत होतं. बोनफिश एका दमात शंभर मीटर दोरी नेतो, म्हणून रिळावर जादा बारीक दोरी भरलेली असते. सायप्रिनस तेवढा नेत नाही, पण जड असतो, हट्टी असतो आणि दोनदा परत फिरून जातो. बाहेर घेतला तेव्हा अण्णांनी वजन हातानं तोलून तीन किलो सांगितलं.

सोडायचा की घ्यायचा? फ्लॉरिडात 2013 पासून बोनफिश परत सोडणं कायद्यानंच बंधनकारक आहे. बोटीवर तर त्याला पाण्याबाहेर काही सेकंदांपेक्षा जास्त धरू देत नाहीत, कारण दमलेला मासा सोडल्यावर शार्क टपलेले असतात. त्या नियमाचा मला आदर आहे. पण तो जसाच्या तसा इथं आणणं मला पटत नाही. सायप्रिनस आपल्याकडं आणलेला मासा आहे. 1939 मध्ये निलगिरीत आला, 1957 मध्ये बँकॉकहून दुसरा वाण आला. गाळ ढवळून तो इतरांचं पाणी गढूळ करतो. तो अण्णांच्या पिशवीत गेला. रात्री त्यांच्या घरी झणझणीत कालवण आणि भाकरी.

5 मार्च, संकेश्वर

हिरण्यकेशी. आंबोलीला उगम पावून आजरा, गडहिंग्लज करत ती इथं येते आणि पुढं घटप्रभेला मिळते. उगमाजवळच्या कुंडात 2020 साली एक इवलासा नवा मासा शास्त्रज्ञांनी नोंदवला, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्या वर्षी महाराष्ट्र शासनानं ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटाएवढ्या माशासाठी जागा राखली गेली, याचं मला फार समाधान आहे.

पुलाखाली एक तुकडा अजून वाहता आहे. गोट्यांवरून पाणी, मधे वाळूची जीभ. तिथं खडसाची पिलं दिसली असं माझं मन म्हणतं, अण्णा म्हणाले, "खवली आसंल." पकडून बघायला मी दोरी टाकली नाही.

खडसाची कथा मला अस्वस्थ करते. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढं 1970 च्या दशकात लोणावळ्याच्या वळवणला, टाटांच्या तलावाकाठी त्याची पैदास सुरू झाली. मोठं काम होतं ते, खडस वाचवणारं. पण तिथली पिलं कावेरीत सोडली गेली आणि तिथं ती इतकी माजली की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला अवाढव्य महसीर मागं पडत गेला. त्याला शास्त्रीय नाव 2018 मध्ये निश्चित झालं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. आपल्या नदीचा मासा आपल्या नदीतच वाढवावा, एवढं जरी सगळ्यांनी पाळलं असतं! नदीत पिलं सोडण्याचे समारंभ होतात, फोटो छापून येतात. पिलं कुठल्या नदीची, हे कुणी विचारत नाही.

20 एप्रिल, जवाहर तलाव

चिलापीची घरटी. काठालगत तळावर ताटाएवढे गोल, प्रत्येकात एक काळपट नर पहाऱ्याला. बघायला सोपं, धरायलाही सोपं. शाळेतली पोरं चष्मा मागून घेऊन आळीपाळीनं बघत होती. एकानं विचारलं, "सर, ह्यो मासा कवापास्नं हितं ऱ्हातोय?" 1952 मध्ये भारतात आणला, असं सांगितलं. त्याच्या आजोबांच्या वयाचा निघाला.

24 मे

पाऊस केरळात आज पोचला, नेहमीच्या आठ दिवस आधी. इथं तर वळवानं चार दिवसांपासूनच झोडपलंय. वेदगंगा तांबडी. बंधाऱ्याचे बर्गे अजून आत आहेत आणि पाणी वरून उसळतंय. अण्णांच्या मते पहिल्या पाण्याला वर चढणारा मासा खाली भिंतीशी डोकं आपटत बसला असणार.

8 जून, भोज

बर्गे निघाले. काठाच्या खाचरात मरळीची पिलं दिसली. शेंदरी रंगाचा गोळाच वर तरंगत होता आणि खाली आई-बाप. या दिवसांत गोळ्याजवळ गळ नेला की मरळ हमखास झडप घालते, भुकेनं नाही, रागानं. म्हणून लोक तेव्हाच धरतात. मग पिलं दोन दिवसांत संपतात.

अण्णांशी आज स्पष्ट बोललो. बंधाऱ्याखाली जो दोनशे पावलांचा खळाळ आता उघडा झालाय, तिथं गणपतीपर्यंत आडवं जाळं लावायचं नाही आणि खाचरातल्या मरळीला हात लावायचा नाही, असं तुमच्या माणसांना सांगाल का? ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"सांगतो. माझं ऐकतील चार-पाच घरं. पर सर, एक अट हाय."

"बोला."

"तुमीबी तितं दांडी घालायची न्हाई. सोडायला म्हणूनबी न्हाई."

मान्य केलं. भाच्याला कळवलंय, गणपतीला येताना दोरी पुसायचं औषध आण. दांडी तोवर पिशवीत.